शेततळ्यातलं गलबत

माझा धंदा दातांचा. मी डॉक्टर नाही. डॉक्टर माप घेतात आणि कवळी मी बनवतो. लातूरला माझी दोन खोल्यांची लॅब आहे. अर्ध्या जिल्ह्यातले म्हातारे माझ्या दातांनी हुरडा खातात, असं मी पाहुण्यांना गमतीनं सांगतो. मग माझी बायको माझ्याकडे अशा नजरेनं बघते की पुढचं वाक्य आपोआप गिळलं जातं.

जहाजांचा नाद मला नांदेडहून लागला. तिथं वजिराबादेत एक दंतवैद्य आहेत, त्यांच्या कवळ्या द्यायला मी महिन्यातून एकदा जातो. त्यांच्या केबिनमध्ये काचेच्या पेटीत एक लाकडी जहाज होतं, कुणीतरी परदेशातून आणून दिलेलं. एकदा झाडझूड करताना ते खाली पडलं आणि त्याची मधली डोलकाठी मोडली. डॉक्टर मला म्हणाले, "तुम्ही एवढे बारीक दात बसवता, एक काठी बसवून द्या की." मी जहाज मांडीवर घेऊन एसटीनं लातूरला आलो. काम एका दिवसाचं होतं. मी ते तीन आठवडे परत केलं नाही.

रोज दुपारी ते समोर ठेवून बसायचं आणि बघत राहायचं. एकेक फळी कशी वाकवली असेल, दोरे कुठून कुठं गेलेत, एवढ्याशा कप्पीला भोक कसं पाडलं असेल. शेवटी डॉक्टरांचा फोन आला, "जहाज कुठल्या बंदराला लागलंय?" तेव्हा मी निमूटपणे नेऊन दिलं. पण येताना डोक्यात ठरवूनच आलो की असं एक आपण करायचं.

लातुरात जहाज म्हटल्यावर लोक हसणारच. ज्या गावाला एका उन्हाळ्यात रेल्वेनं पाणी आणावं लागलं, जिथं नळ आला की माणसं लग्नाची पंगत सोडून घरी पळतात, तिथं एक माणूस जहाज बांधायला बसला. शेजारच्या चष्म्याच्या दुकानदारानं मला 'क्याप्टन' म्हणायला सुरुवात केली आणि आठवडाभरात सगळी गल्ली तेच म्हणू लागली. मला राग यायचा. मी तसा तापट आहे; कवळीच्या मापात कुणी हयगय केली की फोनवरच झापतो. पण हे 'क्याप्टन' मला हळूहळू आवडायला लागलं, हे कबूल केलं पाहिजे.

नकाशा मी इंटरनेटवरून काढला आणि झेरॉक्सवाल्याकडून मोठा करून घेतला. दोन डोलकाठ्यांचं, दोन हात लांबीचं गलबत. सागवानाचे तुकडे सॉ मिलमध्ये निवडले आणि त्यांच्या पातळ पट्ट्या चिरून मागितल्या, तेव्हा मिलवाला म्हणाला, "काय, आगपेट्यांचा कारखाना काढायलात का?" मी मान डोलावली. जहाज म्हणालो असतो तर त्यानं चहा मागवून चार माणसं गोळा केली असती.

गोंद घ्यायला गंजगोलाईतल्या हार्डवेअरच्या दुकानात गेलो. दुकानदारानं विचारलं, "साधा देऊ का वॉटरप्रूफ?" मी विचारलं, फरक काय? तो म्हणाला, साधा पांढरा गोंद पाण्यात राहिला की सुटतो, वॉटरप्रूफ सुटत नाही. कशासाठी पाहिजे? मी म्हणालो, "जहाजासाठी. पण लातूरच्या जहाजाला वॉटरप्रूफ कशाला लागतंय?" तो इतका हसला की गल्ल्यावरून उठून उभा राहिला. मी साधा गोंद घेऊन आलो आणि हा किस्सा पुढं तीन वर्षं भेटेल त्याला सांगत राहिलो.

तीन वर्षं लागली. बहुतेक रविवार आणि दुपारी वीज गेली की मिळणारे तास. आधी मधला कणा, मग त्याला काटकोनात फासळ्या, आणि मग फासळ्यांवर एकेक फळी. फळी सरळ असते आणि जहाज कुठंच सरळ नसतं. म्हणून पट्टी गरम पाण्यात भिजवायची, मऊ झाली की वाकवून बसवायची, गोंद लावायचा आणि सुकेपर्यंत चिमट्यात धरून ठेवायची. घरातले कपडे वाळत घालायचे सगळे चिमटे माझ्या जहाजाला लागले. पावसाळ्यात एकदा गच्चीवरच्या तीन साड्या उडून दुसऱ्या गल्लीत गेल्या, तेव्हा बायकोनं फक्त एवढंच विचारलं, "अहो, तुमच्या जहाजात ह्या बसतील का आता?" पट्ट्या उकळायला तिचा कुकर घेतला, तो मात्र तिनं पुन्हा घरात घेतला नाही. "सागवानाच्या वासाची खिचडी तुम्हीच खा," म्हणाली. तो कुकर अजून लॅबमध्येच आहे.

दातांची हत्यारं जहाजाला इतकी उपयोगी पडतील असं वाटलं नव्हतं. दात कोरायच्या बारीक ड्रिलनं मी दोऱ्यांची भोकं पाडली. मेणाच्या पट्टीवरून दोरा ओढला की तो गुळगुळीत व्हायचा. कप्प्या लाकडाच्या जमेनात, तेव्हा कवळीच्या प्लास्टिकच्या केल्या. ते प्लास्टिक हिरडीच्या रंगाचं असतं, त्यामुळं दोन महिने माझं गलबत गुलाबी कप्प्या लेवून बसलं होतं. मग त्यांना काळा रंग दिला. शिडं जुन्या धोतराची. शेवटी बाहेरून दोन हात पॉलिश मारलं आणि लॅबच्या टेबलावर जहाज उभं राहिलं. त्या दिवशी मी सहा वेळा उठून दारापर्यंत गेलो आणि मागं वळून बघितलं. इतका आनंद मला स्वतःच्या लग्नातही झाला नव्हता. हे वाक्य बायकोनं वाचू नये.

जहाज पहिल्यांदा दाखवायचं ते आक्काला, हे मनात पक्कं होतं. आक्का माझी थोरली बहीण, माझ्याहून चौदा वर्षांनी मोठी. आई मी लहान असताना गेली. आक्काचं लग्न झालं, दोन वर्षांत भाऊजी गेले आणि ती माहेरी परत आली, ती कायमचीच. अहमदपूरजवळच्या आमच्या गावात तिनं शेत सांभाळलं आणि मला वाढवलं. नांदेडला शिकायला ठेवलं तेही तिनंच. दर पंधरवड्याला एसटीच्या ड्रायव्हरकडं माझ्यासाठी भाकरीचं गाठोडं द्यायची. आज तिची सत्तरी जवळ आली आहे. गुडघे कुरकुरतात, मोतीबिंदूचं एका डोळ्याचं ऑपरेशन झालंय, पण शेतावर रोज जाते आणि सालगड्याला रोज रागावते.

आक्कानं आयुष्यात माझ्याकडं एकच गोष्ट मागितली. मला पहिला पगार झाला तेव्हा मी तिला विचारलं होतं, "तुला काय आणू?" ती म्हणाली, "आणू नगं काय. एकदा समुद्र दाखीव." शाळेच्या पुस्तकात तिनं त्याचं चित्र बघितलं होतं आणि चौथीनंतर शाळा सुटली होती. मी लगेच म्हणालो, "नेतो." त्या वर्षी पेरणी आली. पुढच्या वर्षी म्हैस व्यायली. मग माझं लग्न, मग लॅब, मग मुलीची दहावी. दर वेळी मी सांगायचो, "आक्का, औंदा न्हाई जमत गं," आणि ती म्हणायची, "बरं, राहू दे." तिच्या आवाजात रुसवा कधी नसायचा. असता तर बरं झालं असतं. मी स्वतः मात्र दोनदा समुद्र बघून आलो, एकदा दंतवाल्यांच्या अधिवेशनाला आणि एकदा बायकोमुलीबरोबर. दोन्ही वेळा आक्काला सांगितलं नाही.

तर मी जहाज घेऊन गावी गेलो तो वेळा अमावस्येला. आमच्या लातूरकडं तिला येळवस म्हणतात. त्या दिवशी सगळं शहर ओस पडतं आणि माणसं शेतावर असतात. कडब्याची छोटी झोपडी, म्हणजे कोप करायची, पूजा करायची, आंबील, भज्जी, उंडे खायचे, आणि ज्याला शेत नाही त्याला दुसऱ्यानं बोलवायचं. गाडीत जहाज बायकोच्या मांडीवर होतं. प्रत्येक गतिरोधकाला ती डोलकाठ्या धरायची आणि माझ्याकडं बघायची. मुलगी हैदराबादला नोकरीला, ती फोनवरून विचारत होती, "पोचलं का जहाज?" बाप पोचला का, हे तिनं विचारलं नाही.

आक्का कोपीपाशी बाजेवर बसली होती. मी जहाज तिच्यासमोर पोत्यावर ठेवलं. तिनं आधी एका फळीवरून बोट फिरवलं, मग दुसरीवरून, मग खाली वाकून पोट बघितलं. बैल विकत घेताना ती असंच बघते. मग म्हणाली, "हे समदं तू केलास? हातानं?"

"व्हय."

"खिळा कुठंच दिसंना."

"खिळे न्हाईतच. गोंदावर हाय समदं."

तिचा चेहरा उजळला. मी खोटं सांगत नाही, तीन वर्षं वसूल झाली असं वाटलं. चुलतभाऊ, त्याची बायको, सालगडी, सगळे जमले. चुलतभाऊ म्हणाला, "आता क्याप्टनसायेब मांजरा नदीतून मुंबईला जाणार." सगळे हसले. आक्का हसली नाही. तिनं हात लांब करून शेताच्या पलीकडं दाखवलं. तिथं दोन वर्षांपूर्वी केलेलं शेततळं होतं, प्लास्टिकचा कागद अंथरलेलं, त्या साली काठोकाठ भरलेलं.

"पाण्यावर ठीव की," ती म्हणाली. "मला पाण्यावर कसं दिसतंय ते बघायचंय."

 गंजगोलाईतला तो दुकानदार हसत उभा राहिलेला डोळ्यासमोर आला. साधा पांढरा गोंद. पॉलिश फक्त बाहेरून. पाण्यात घातलं की अर्ध्या तासात फळ्या सुटणार, हे मला दातांच्या मापाइतकं नक्की माहीत होतं. किनाऱ्यावरचा कुणी माणूस जहाज बांधताना पाण्याचा विचार आधी करेल. मी तीन वर्षांत एकदाही केला नव्हता. उलट त्यावर विनोद केला होता.

"न्हाई आक्का," मी म्हणालो. "हे शोभेचं असतंय. पाण्यात घालत नसतेत."

"बरं," ती म्हणाली. "राहू दे." आणि गुडघ्यावर हात ठेवून उठली, माणसांना आंबील वाढायला गेली.

मी तिथंच बसून राहिलो. समोर पत्रावळ आली, भज्जी वाढली गेली, पण मी हातही लावला नाही. तेच दोन शब्द, तोच आवाज. गेली तीस वर्षं मी ऐकतोय आणि गेली तीस वर्षं मला त्यानं सुटल्यासारखं वाटतंय. आज पहिल्यांदा लाज वाटली. खरं म्हणजे ह्या नादामागचं कारणही तेव्हाच माझ्या ध्यानात आलं. आक्काला समुद्रावर न्यायचं ते राहून गेलं, आणि त्याऐवजी मी जहाज करत बसलो. जहाज करणं सोपं होतं. त्याला रजा काढावी लागत नव्हती, म्हातारीचे गुडघे सांभाळावे लागत नव्हते.

मी बायकोला बाजूला घेऊन विचारलं, काय करू? तिला गोंदाचं माहीत होतं. ती म्हणाली, "मला विचारू नका. मी फक्त चिमटे दिलेत."

मग मी उठलो. विहिरीच्या कडेचे बारके खडे वेचले, गलबताच्या वरच्या झाकणातून आत टाकले आणि फडक्यानं घट्ट बसवले, नाहीतर ते पाण्यात आडवंच झालं असतं. आधी पाण्याच्या ड्रममध्ये ठेवून बघितलं. डावीकडं कललं, दोन खडे उजवीकडं सरकवले. कवळी बसवतानाही दोन्ही बाजू सारख्या टेकाव्या लागतात, ती सवय कामाला आली. नाळेला, म्हणजे पुढच्या टोकाला, दोरा बांधला. चुलतभावानं आणि सालगड्यानं बाज उचलून तळ्याच्या बांधावर ठेवली, आक्काला हात धरून नेलं, आणि मी दोऱ्याचं टोक तिच्या हातात दिलं.

गलबत पाण्यावर ठेवलं आणि हात काढला. ते एकदा डुललं आणि सरळ उभं राहिलं. पौषातल्यासारखा गार वारा होता. शिडं फुगली, आणि माझं गलबत कुणी न ढकलता चालायला लागलं. मी मूर्खासारखा ओरडलो. टेबलावर तीन वर्षं ते जहाज नव्हतंच, हे मला त्या क्षणी समजलं. आक्का बाजेवर पुढं सरकून बसली होती, दोरा सोडत होती, आणि ऑपरेशन झालेल्या डोळ्यानं बघता यावं म्हणून मान तिरकी करून बघत होती. गलबत तळ्याच्या मधोमध गेल्यावर ती म्हणाली, "कसं चाललंय बघ, पाखरावाणी." कुणीच क्याप्टन म्हणून चिडवलं नाही.

वीसेक मिनिटं झाली असतील. नाळेजवळची पहिली फळी सुटली. ती सगळ्यात जास्त वाकवलेली होती. गोंद मऊ झाला तशी ती पुन्हा सरळ व्हायला निघाली. मग तिच्या खालची. गलबत पुढून जड झालं.

"आरं, पाणी शिरायलंय!" आक्का ओरडली आणि भराभरा दोरा ओढायला लागली. काठाला आणेपर्यंत अर्धी बाजू उलगडली होती. मी ते उचललं, तेव्हा आतून दुधासारखं पांढरं पाणी गळत होतं.

"तुला ठावं व्हतं?" तिनं विचारलं.

मी गोंदाची हकिकत सांगितली. तिचा पारा चढला. "तीन वरीस केलास आन जाणूनबुजून पाण्यात घातलास? अक्कल हाय का तुला?"

"तू म्हणलीस म्हणून."

"मी लई काय काय म्हणते," आक्का म्हणाली. "समुद्र दाखीव म्हणलं व्हतं, ते न्हाई ऐकलंस. हे बरं ऐकलंस."

 सालगडी उगाच दोरा गुंडाळत बसला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा तिनं ते तोंडावर बोलून दाखवलं होतं, आणि मला, खरं सांगू का, फार बरं वाटलं. मी तिथंच चिखलात बसून तिला सांगितलं की मी दोनदा जाऊन आलोय आणि तुला सांगितलं नाही. ती म्हणाली, "ठावं हाय. तुझ्या पोरीनं शंख दाखविला व्हता मला." मग म्हणाली, "कवा नेतूस?"

"तूर निघाली की जाऊ."

"तूर निघाली की हरभरा असतंय. हरभरा निघाला की उन्हाळा. तारीख सांग."

मी फोन काढून तारीख बघितली आणि तिथंच सांगितली. म्हशीचं दूध काढायचं काम सालगड्याच्या बायकोकडं गेलं. प्रवासाच्या दिवसांतल्या लॅबच्या कामाला मी पहिल्यांदाच सरसकट नाही म्हणालो. नांदेडच्या डॉक्टरांनी कारण विचारलं, तर सांगितलं, जहाज बुडालंय.

आम्ही एसटीनं कोकणात गेलो. दोन मुक्काम करत, गुडघे सांभाळत, आक्का, बायको आणि मी. रत्नागिरीच्या अलीकडं एका लहानशा गावात दुपारी पोचलो. किनाऱ्यावर माणसं फारशी नव्हती. वाळूत एक जुनी लाकडी होडी ओढून ठेवलेली होती, आणि ती दिसल्याबरोबर मी तिकडंच गेलो. उकिडवा बसून फळ्या बघायला लागलो. सांध्यांमध्ये कापूस ठोकून वर तेल पाजलं होतं. पाणी आत येऊच नये म्हणून केवढी ही मेहनत! एकेका सांध्यावरून नख फिरवत, मनात नव्या गलबताची मापं घेत, मी किती वेळ तिथं बसलो कोण जाणे.

मागं वळून बघितलं तर आक्का लुगडं घोट्याच्या वर धरून पाण्यात उभी होती. बायकोनं तिचा दंड धरला होता. लाट आली की ती पाय रोवायची, लाट गेली की पायाखालची वाळू सरकते म्हणून हसायची. मी हाक मारली, "आक्का, चारची एसटी हाय, निघावं लागंल." जन्मभर तिनं कुठल्याच गाडीला उशीर केला नव्हता. घरी गुरं होती, माणसं होती, मी होतो.

तिनं मान वळवली नाही. "जाऊ दे ती एसटी," म्हणाली. "आन लाकडाकडं काय बघायलास? हिकडं ये, पाण्याकडं बघ की."

मी चपला काढल्या, विजार गुडघ्यापर्यंत दुमडली आणि तिच्या दुसऱ्या बाजूला जाऊन उभा राहिलो.